रोज नव्यानं भेटणारे सर

एका स्टाफरूममध्ये, एकाच टेबलाला, समोरासमोर बसून आम्ही वर्षानुवर्षं डबा खाल्ला, पण सरांनी मला कधी आधी हाक मारली नाही. मी खुर्ची ओढायचो, "काय सर, आज भाजी कशाची?" म्हणायचो, आणि मग कुठे त्यांचा चेहरा खुलायचा. "या मास्तर, या! तुमचीच वाट बघत हुतो." आता वाट बघत होते म्हणावं, तर त्याच्या आधी मी जिन्यावर त्यांच्या खांद्याला खांदा लावून वर आलेलो असायचो. सुरुवातीला मला याचा राग यायचा. मला राग जरा लवकरच येतो, हे आमच्या घरी विचारलंत तर कुणीही सांगेल.

मंगळवार पेठेतल्या आमच्या हायस्कूलात ते गणित शिकवायचे आणि मी मराठी. उंच, काटक माणूस. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं आणि गळ्यात काळ्या दोरीची शिट्टी. ही शिट्टी वर्गातसुद्धा असायची, कारण सर फुटबॉलचे पंच होते, आणि कोल्हापुरात फुटबॉलचा पंच म्हणजे काय चीज असते ते बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. इथे दोन पेठांची मॅच असली की घराघरांत तट पडतात. सासरा एकीकडे, जावई दुसरीकडे, आणि पंच दोघांच्याही शिव्यांचा धनी.

सरांबद्दल पेठेत दोन मतं होती. जुनी माणसं म्हणायची, हा लई माजोरी. रस्त्यात समोरासमोर गाठ पडली तरी ओळख देत नाही. नवी माणसं म्हणायची, असा प्रेमळ माणूस नाही, परक्यालासुद्धा "या, या, काय म्हणताय, घरचं बरं हाय न्हवं?" म्हणून थांबवतो. दोन्ही मतं खरी होती. लग्नाआधी सर कुणालाच नमस्कार करायचे नाहीत, लग्नानंतर सगळ्यांनाच करायला लागले. हा बदल वहिनींनी घडवला. त्या म्हणाल्या, "कुणाला करायचा ते कळत नसंल तर सगळ्यास्नी करा. नमस्काराला काय तोटा?"

त्यापायी गमती व्हायच्या. एकदा महाद्वार रोडला एका धोतरवाल्या गृहस्थांना त्यांनी असा काही कडक नमस्कार घातला की ते गृहस्थ गोंधळले. पण समोरचा एवढा ओळखीचा वाटतोय म्हटल्यावर कोण म्हणेल, मी तुम्हाला ओळखत नाही? दोघंही एकमेकांना घरचं विचारत आमच्या गल्लीत आले, चहा झाला, वहिनींनी जेवायला थांबवलं. गृहस्थ आजऱ्याचे निघाले. कुणी कुणाला "आपण कोण?" असं विचारलंच नाही. पुढे दर वर्षी आजऱ्याहून सरांच्या घरी घनसाळ तांदूळ यायचा, आणि त्या भाताचा वास आमच्या खिडकीपर्यंत यायचा. इतकी सोज्वळ ओळख मी दुसरी पाहिलेली नाही.

माजोरी म्हणणाऱ्यांचा मात्र मला संताप यायचा. सर बौद्ध समाजातले. "शिकले की असंच व्हतंय" असं काही जण हळूच म्हणायचे, आणि त्या हळू बोलण्यामागे काय आहे ते मला समजत होतं. दोनदा मी भर चौकात भांडलोही आहे. सर शांत असायचे. त्यांच्या वडिलांनी छप्पन्न साली दीक्षा घेतलेली. त्यांनी पोराला लहानपणीच बजावलं होतं, "समोरच्यानं मान दिला तर द्यायचा. आपणहून कुणाफुडं वाकायचं न्हाय." आणि त्यांचं हे पोरगं गल्लीतल्या भल्या भल्या मिशाळांच्या समोरून मान ताठ ठेवून सरळ निघून जायचं. म्हातारा ओट्यावर बसून बघायचा आणि त्याची छाती फुगायची. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, "माझं पोरगं कुणाला भीत न्हाय."

"आणि तुम्ही?" मी सरांना एकदा विचारलं.

"मला तिथं मिशाळ हाय का आणि कोण हाय, काय कळायचं न्हाय मास्तर. पण म्हाताऱ्याला तेवढाच एक अभिमान हुता. त्यो कशाला मोडू?"

हे त्यांनी मला सांगितलं ते मला खरी गोष्ट कळल्यानंतर. आणि ती कळली कशी, ते सांगायला हवं.

माझे वडील गेले. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे मी डोकं आणि मिशी उतरवली. तेरावा आटोपून शाळेत आलो, स्टाफरूममध्ये शिरलो. सर एकटेच होते. मला बघून उठले, खुर्ची पुढे केली आणि म्हणाले, "या पावणं, बसा. कुणाला भेटायचं हाय?"

मला वाटलं, थट्टा करतायत. बापाच्या तेराव्यानंतर थट्टा! मी काही बोललोच नाही. माझ्या गप्प बसण्याचा त्यांनी वेगळाच अर्थ घेतला. म्हणाले, "मास्तरांस्नी भेटायला आलाय व्हय? न्हाईत आले अजून. वडील वारले त्यांचे." मग खाली बसले आणि स्वतःशी बोलावं तसं बोलत राहिले. "लई जीव हुता त्यांचा बापावर. वरनं तापट दिसत्यात, पण दवाखान्यात सारखे उशाला बसलेले असायचे. असला ल्योक नशिबानं मिळतोय. तुम्ही घरी जाणार असाल तर त्यास्नी सांगा, घाई करू नका म्हणावं, तुमचे तास मी बघतोय."

माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. घरी इतकी माणसं भेटून गेली होती, पण असं सांत्वन कुणी केलं नव्हतं, कारण तोंडावर कुणी असं बोलत नाही. मी कसाबसा म्हणालो, "सर, मीच की."

त्यांचा चेहरा एकदम पडला. चोरी पकडल्यासारखा. त्यांनी उठून दार लावून घेतलं आणि मला सगळं सांगितलं. लहानपणापासून त्यांना कुणाचा चेहराच ध्यानात राहत नव्हता. आईचासुद्धा नाही. माणूस ओळखायचं ते आवाजावरून, चालीवरून, मिशीवरून, चष्म्यावरून. माझी मिशी गेली, तिच्याबरोबर मीही गेलो.

"पण दिसतं ना तुम्हाला?" मी विचारलं.

"दिसतं की. नाक दिसतंय, डोळं दिसत्यात, हसलेलं कळतंय, रागावलेलं कळतंय. पण समोरनं गेलं की गेलं. असं बघा मास्तर, पंचगंगेच्या काठावरनं एक खडा उचला. निरखून बघा. आता परत टाका त्या ढिगात. आणि शोधा बघू मगाचा."

त्यानंतर मला त्यांच्या सगळ्या विक्षिप्तपणाचा उलगडा झाला. वर्गात कुणी जागा बदलली तर ते का खवळायचे ते कळलं. त्यांच्या लेखी पोरं म्हणजे बाकं होती. "खिडकीकडलं तिसरं, फळ्यावर या." पोरांनी एकदा मुद्दाम आदलाबदल केली, तर पास झालेल्याला छडी आणि नापासाला शाबासकी. त्या नापास पोराला आयुष्यात पहिल्यांदा गणितात शाबासकी मिळाली म्हणून तो खरंच अभ्यासाला लागला. हे मी वाढवून सांगत नाही. तो पुढे इंजिनिअर झाला.

वहिनींना मात्र याची चुणूक लग्नाच्या आधीच मिळाली होती, फक्त तेव्हा त्यांना ती कळली नाही. सर त्यांना बघायला गेले होते. त्या पोहे घेऊन आल्या, डोक्यावर पदर, नजर खाली. प्रश्न विचारून झाले. आत गेल्या, साडी बदलली आणि चहा घेऊन परत आल्या. सरांनी चहा घेतला आणि त्यांच्याकडेच बघून अगदी अदबीनं म्हणाले, "ताई, जरा मुलीला बोलवा की. एक विचारायचं ऱ्हायलं." बैठकीत हशा पिकला. वहिनींना वाटलं, पावणा भलताच विनोदी आहे, आणि त्यांनी होकार दिला. "फसले मी," त्या म्हणायच्या, "पर बरंच झालं फसले ते. म्हातारपणी तोंडाच्या सुरकुत्या मोजणारा नवरा तरी न्हाय मिळाला."

आता फुटबॉल. मी लाईनमन होतो. हातात झेंडी घेऊन रेषेवरून पळायचं आणि प्रेक्षकांचा चोथा झालेला ऊस अंगावर झेलायचा, हे माझं काम. सर आत, मी कडेला. मैदानावरचे सर वेगळेच असायचे. तिथे त्यांना कसलीही अडचण नव्हती, कारण तिथे माणसांच्या पाठीवर नंबर होते. "जगात समद्यांच्या पाठीवर नंबर असतं तर माझं सोनं झालं असतं," असं ते म्हणायचे. कुणाचा पाहुणा, कुणाचा भाचा, कुणाचा नगरसेवक मामा गॅलरीत बसलाय, त्यांना काही पत्ता नसायचा. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे त्यांच्या मैदानावर कधी चाललं नाही. दोन्ही पेठा त्यांना शिव्या द्यायच्या आणि दोन्ही पेठा फायनलला तेच पंच मागायच्या.

सरांचा मुलगा आठ नंबरचा शर्ट घालून खेळायचा. सुरेख खेळायचा. अंगानं बापासारखाच काटक, पण बापाच्या उलट तोंडाळ. त्याच्या संघाची मॅच सर कधी घेत नसत. नव्वदीच्या दशकाच्या शेवटी एका फायनलला मात्र नेमलेले पंच तापानं फणफणले. मुलगा घोटा मुरगळून घरीच होता, खेळणार नव्हता. दोन्ही संघ म्हणाले, मग सरच असू देत. सर तयार झाले.

दुसऱ्या हाफमध्ये मुलाचा संघ मागे पडला. घरी न राहवून मुलगा लंगडत येऊन गॅलरीत बसला होता, त्यांच्या कॅप्टननं त्याला खाली ओढलं. घोट्याला पट्टी, अंगावर दुसऱ्याच कुणाचा तरी शर्ट, सतरा नंबरचा. बदली माझ्या बाजूनं झाली. मी सरांकडे बघितलं. त्यांनी नंबर टिपला, मान हलवली आणि शिट्टी वाजवली. आठ नंबर नव्हता, नेहमीची चाल नव्हती, लंगडत होता. आणि आपला मुलगा घरी आहे, हे तर त्यांच्या डोक्यात पक्कं होतं.

थोड्या वेळानं सतरा नंबरनं मागून जाऊन एकाला वाईट पाडलं. मैदानावर धुरळा उठला. सर पळत आले, एका हातानं लाल कार्ड काढलं आणि दुसऱ्या हातात पेन.

"नाव?"

पोरगा बघतच राहिला.

"नाव सांग की रे! येळ नको घालवू."

त्यानं नाव सांगितलं. स्वतःचं, मग बापाचं, मग आडनाव. आपल्याकडे नाव सांगायची रीतच तशी. मी रेषेवरून बघत होतो, पेन मध्येच थांबलं. क्षणभरच. मग सरांनी लिहून पुरं केलं आणि कार्ड वर केलं.

गॅलरी अशी उसळली की बस्स. दोन्ही पेठा उभ्या राहिल्या होत्या. पोटच्या पोराला नाव विचारतो! मैदानावर मी तुझा बाप नाही, असं न बोलता सांगतो! दुसऱ्या दिवशी पेपरात तेच, पानपट्टीवर तेच. मुलगा बाहेर जाताना हसत होता. संघ हरला, तरी आठ दिवस तो मान वर करून हिंडत होता. "बापानं मला बी सोडलं न्हाय," असं सांगताना जणू कपच मिळाल्यासारखा.

मग पेठेतल्या तालमीनं सत्कार ठेवला; आमच्याकडे फुटबॉलचे संघही तालमींचेच असतात. शाल, श्रीफळ, हार. मंचावर सगळ्यांना एकसारखे गुलाबी फेटे बांधलेले, मलाही. अध्यक्षांनी अर्धा तास भाषण केलं. असा पंच झाला नाही आणि होणार नाही, वगैरे. सरांच्या खांद्यावर शाल घातली. टाळ्या थांबेनात. मग सर माईकपुढे आले.

"मंडळी," ते म्हणाले, "तुम्ही म्हणताय, मी पोराला ओळखून ओळख दिली न्हाय. तसं न्हाय ते. मला त्यो ओळखूच आला न्हाय. मला कुणाचाच चेहरा ध्यानात ऱ्हात न्हाय. जन्मापास्नं. मग ही शाल मी कशी घेऊ?"

लोक हसले. कुणीतरी ओरडलं, "वा सर, काय इनय हाय!" पुन्हा टाळ्या.

सरांनी हात वर केला. "हितं मंचावर समद्यांनी एकसारखं फेटं बांधल्यात. ह्यात आमचे मास्तर हायत. रोज एका टेबलाला जेवतो आम्ही. पर ह्यातले ते कोणते, मला सांगता यायचं न्हाय." आणि ते वळले. त्यांची नजर एकेका चेहऱ्यावरून फिरत गेली. माझ्यावर आली, थांबली, आणि पुढे गेली. मी तोंड उघडलं नाही. उघडलं असतं तर त्यांचं खरं खोटं ठरलं असतं.

सरांनी शाल काढली, नीट घडी घातली आणि अध्यक्षांच्या मांडीवर ठेवली. तेवढ्यात मागच्या रांगेतली एक खुर्ची खरखरली. त्यांचा मुलगा उठून बाहेर गेला.

घरी येताना मी चिडलो होतो. "काय गरज होती सर? नाव कळल्यावरच कार्ड वर गेलं ना? मी बघितलंय. मग शाल घ्यायला काय हरकत?"

"निर्णय आधी झालता मास्तर. नाव नंतर कळलं."

"आणि वडलांना कुठे सांगितलंत कधी?"

"ती फुशारकी म्हाताऱ्याची हुती. हितं शाल माझ्या खांद्यावर हुती."

कोल्हापुरात वाघाशी कुस्ती खेळलेल्यांच्या गोष्टी खूप ऐकल्यात मी. भरल्या सभेत, टाळ्या चालू असताना, कुणीही न विचारता स्वतःची उणीव सांगणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो माझ्या समोर बसून डबा खायचा. मला अजून त्याचा अभिमान वाटतो. अगदी फाजील वाटतो म्हटलंत तरी चालेल.

त्याचं फळ काय मिळालं ते ऐका. दहा-दहा वर्षांपूर्वी हरलेले संघ उठले, म्हणाले, ती मॅच परत घ्या, पंच आंधळा होता. अरे, नंबर बघायला डोळे लागतात की आणखी काय? संघटनेनं "कळवतो" म्हटलं आणि कधीच कळवलं नाही. सरांची शिट्टी बंद झाली. ते ध्यानात आल्यावर मी माझी झेंडी नेऊन संघटनेच्या टेबलावर आपटली. सर मला रागावले, पण मी काही परत गेलो नाही.

शिट्टीचं त्यांनी फारसं मनाला लावून घेतलं नाही. त्यांना लागलं ते दुसरं. मुलगा बोलायचा बंद झाला. त्यानं इचलकरंजीला मागाच्या कारखान्यात नोकरी धरली, तिथेच खोली घेतली. सुट्टीला यायचा, आईशी बोलायचा, जेवायचा, जायचा. एकदा मी त्याला एसटी स्टँडवर गाठलं आणि चांगलं खडसावलं. तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, "काका, बारकं असताना मी शाळंच्या फाटकात मुद्दाम गप उभा ऱ्हायचो. बघूया तरी, आपणहून येत्यात का. एकदा बी आले न्हाईत. दुसऱ्याच पोराफुडं जाऊन थांबायचे. मला वाटायचं, मस्करी करत्यात. त्या दिवशी कार्ड दावलं, तवा वाटलं, आज चारचौघांत मला त्यांनी आपलं म्हटलं. आपलं असल्याबिगर कोण एवढं कडक वागतंय? आणि मग म्हणत्यात, ओळखलंच न्हाय. म्हंजे मी त्यांच्यासाठी सतरा नंबरच की."

याचं उत्तर आणलं ते आमच्याच एका विद्यार्थिनीनं, काही वर्षांनी. भांड्यांच्या दुकानदाराची जैन मुलगी, मोठी हुशार, बंगळूरच्या एका संस्थेत मेंदूवर संशोधन करत होती. दिवाळीला घरी आली असताना तिनं सत्काराचा किस्सा ऐकला आणि धावत सरांकडे आली. "सर, मी खिडकीकडली तिसरी," म्हणाली. मग तिनं सांगितलं की याला आजार म्हणा, उणीव म्हणा, पण जगात असे पुष्कळ लोक आहेत. चांगले शिकले-सवरलेले, आणि जन्मापासून चेहरे न ओळखणारे.

सर लहान मुलासारखे खूश झाले. "म्हंजे मी एकटा न्हाय? भेटायला पायजे एकदा त्यास्नी!" मग जरा थांबून म्हणाले, "पर आम्ही दोनदा भेटलो तरी पहिल्यांदाच भेटणार."

तिला सरांच्या मेंदूचा तपास करायचा होता. आणि ताडून बघायला त्याच वयाचा एक साधा मेंदूही हवा होता. तो मान मला मिळाला. वहिनी म्हणाल्या, "मास्तरांचा मेंदू साधा हाय हे बंगळूरपतूर कळलं!"

आम्ही दोघं बंगळूरला गेलो. त्या मोठ्या यंत्राच्या बोगद्यात पाठीवर झोपवतात. लोखंडाचं काही अंगावर चालत नाही, म्हणून सरांच्या गळ्यातली शिट्टीसुद्धा काढायला लावली. तिच्यात म्हणे धातूची कडी होती. ती माझ्या हातात देताना मात्र त्यांचा हात जरा रेंगाळला. आत मागाच्या कारखान्यात निजल्यासारखा खटाखट आवाज. डोळ्यांपुढे एकामागून एक चित्रं: चेहरे, घरं, पुन्हा चेहरे. आपण नुसतं बघायचं. बघताना मेंदूचा कुठला भाग कामाला लागतो ते बाहेर यंत्र टिपतं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत ती निकाल घेऊन आली. त्या दिवशी मुलगाही घरी होता. तो दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला, आत आला नाही. तिनं दोन चित्रं शेजारी शेजारी मांडली, एक माझ्या डोक्याचं, एक सरांच्या.

"हा मागचा, खालचा भाग बघा. चेहरा समोर आला की माणसाचा हा भाग जागा होतो. घर दाखवलं तर एवढा होत नाही. मास्तरांचा झालाय. आणि सरांचाही झालाय, तेवढाच."

"म्हणजे सरांचा मेंदूही साधाच?" मी म्हणालो. माझा अपमान थोडा कमी झाला.

"इथपर्यंत. इथून पुढे चेहऱ्याला माणूस जोडला जातो, हा कोण, आपला कोण, ते. तिकडे मास्तरांचं ठळक दिसतंय आणि सरांचं अगदी फिकं. एकट्या सरांवरून मी काही ठाम सांगणार नाही, पण असे जे बाकीचे लोक आहेत, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचं असंच दिसतं."

दारातून आवाज आला. "म्हंजे त्यांना चेहरा पोचतोय?"

"पोचतो. पुढचा रस्ता कच्चा आहे."

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "बाई, त्या फोटोंत मधी माझ्या पोराचा बी हुता न्हवं? आमच्या हिनं दिला हुता तुला. त्याच्या वक्ताला काय झालं?"

ती थोडी घुटमळली. तिला खोटं बोलता आलं असतं. त्या खोलीत सगळ्यांना तेच हवं होतं, मलासुद्धा.

"सर, एका फोटोवरून काही सांगता येत नाही. मला माहीत नाही."

सरांनी मान डोलावली. "बरोबर हाय. म्हाईत नसलं की म्हाईत न्हाय म्हणायचं." आणि माझ्याकडे वळून, अगदी अभिमानानं, "आपली पोरगी हाय मास्तर, आपल्या शाळंची."

त्या दिवशी मुलगा संध्याकाळची गाडी सोडून मुक्कामाला राहिला.

पुढच्या वर्षी त्याचं लग्न ठरलं. हॉल भरलेला, पेठच्या पेठ लोटलेली. बौद्ध पद्धतीचं लग्न, म्हणजे पांढरे कपडे. नवरदेव पांढऱ्यात, त्याचे भाऊबंद पांढऱ्यात, आणि त्याच्या संघाची सगळी पोरं हौसेनं त्याच्यासारखाच पांढरा झब्बा घालून आलेली. सगळी एका उंचीची, एकाच न्हाव्याकडून डोकी करून आलेली. सर दारात उभे राहून येईल त्याला हात जोडत होते, तिथवर ठीक चाललं होतं. मग विधी लावणाऱ्यांनी माईकवरून सांगितलं, "वराच्या वडिलांनी वराला घेऊन मंचावर यावं."

वहिनी नवरीकडे, हॉलच्या दुसऱ्या टोकाला. मी पंगतीच्या बाजूला अडकलेलो. सर त्या पांढऱ्या घोळक्यापुढे जाऊन थांबले. पोरं हसत-खिदळत होती, ती एकदम गप्प झाली. कुणी हलेना. सगळा हॉल बघायला लागला. सत्काराला होते ते बरेच जण इथेही होते, त्यामुळे काय चाललंय ते सगळ्यांना कळलं होतं. सरांची नजर एका चेहऱ्यावरून दुसऱ्यावर जात होती. मुलगा मधोमध उभा होता, बापाकडे बघत, ओठ मिटून. मला शाळेचं ते फाटक आठवलं. मी खुर्च्या ढकलत पुढे निघालो.

मी पोचायच्या आत तो घोळक्यातून बाहेर आला. दोन पावलं पुढे येऊन बापासमोर उभा राहिला आणि मैदानावर हाक मारावी तेवढ्या मोठ्यानं, शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाला,

"बाबा, मी."

सरांनी त्याचा हात धरला. दोघं मंचावर चढले. सरांनी विधी लावणाऱ्यांच्या हातून माईक घेतला, पोराकडे एकवार नीट बघितलं, आणि साऱ्या पेठेला सांगितलं, "हा माझा मुलगा."